लेबल निघालं, की बाटली आपली!

गुऱ्हाळावर काकवी आणायला जायचं, तर बाटली घरून न्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली, की पिशवीतून बाटल्यांचा किणकिणाट सुरू होतो. आणि ती बाटली बहुतेक वेळा असते बिअरची! घरात कुणी थेंबाला शिवत नसलं तरी. जाड काच, भक्कम बूड, हातात धरायला बरी आणि भंगारवाल्याकडे दोन-चार रुपयांत मिळणारी. घाण्याचं तेल, मध, फिनेल, पूर्वी रेशनचं रॉकेल, सगळं काही या बाटल्यांतूनच आपल्या घरात आलंय.

अडचण एकच. तिच्यावरचं ते रंगीबेरंगी लेबल.

वाळवा तालुक्यातल्या एका बचत गटाबरोबर मी काम करते. या बायका काकवी आणि घाण्याचं शेंगतेल विकतात. पहिल्या वर्षी त्यांनी बाटल्या नुसत्या विसळून भरल्या. लेबलं अर्धी फाटलेली, अर्धी तशीच. सांगलीच्या प्रदर्शनात लोक स्टॉलपाशी यायचे, काकवीचा रंग बघून खूश व्हायचे आणि बाटली फिरवून पाहिली, की हळूच खाली ठेवायचे. एक आजोबा म्हणाले, ‘‘देवाच्या नैवेद्याला हे कसं ठेवू?’’ त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. गटातल्या एक मावशी मात्र त्यावर जे बोलल्या ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं. ‘‘ताई, ह्या बाटलीनं माझं अर्धं आयुष्य खाल्लं. आता तिचं तोंड घासून मीच तिला बाजारात इकते. पर घासायचं तर नीट घासू की!’’

तर मैत्रिणींनो, नीट घासायचं म्हणजे कसं, ते आज सांगते. यात घासणं सगळ्यात कमी आहे. ज्या बायका चाकू आणि तारेची घासणी घेऊन बसतात, त्यांचे हात सोलवटतात आणि काचेवर ओरखडे येतात ते वेगळेच. ओरखडे आलेली बाटली पुढं कमजोर होते.

आधी बाटलीवरचा गोंद ओळखायचा. बिअरची बाटली कारखान्यात परत जाऊन पुन्हा भरली जाते, म्हणून तिचं लेबल असं चिकटवतात, की बर्फाच्या गार पाण्यात ते सुटू नये, पण गरम आणि खारट-क्षारयुक्त पाण्यात मात्र लगेच सुटावं. यासाठी पुष्कळदा केसीनचा गोंद वापरतात. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन, आपण दूध नासवल्यावर पनीर होतं ना, तेच! म्हणजे लेबल दुधाच्या जोरावर चिकटलेलं असतं, हे कळल्यावर गटातल्या सगळ्या जणी खूप हसल्या. कारखान्यात या बाटल्या कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यातून काढतात. आपण घरी कॉस्टिकच्या वाटेला मुळीच जायचं नाही. कातडी आणि डोळे जाळणारी चीज आहे ती. आपलं काम धुण्याच्या सोड्यावर भागतं. किराणा दुकानात सुटा मिळतो तोच, खायचा सोडा नव्हे.

दहा लिटरच्या बादलीत हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी आणि त्यात साधारण शंभर ग्रॅम, म्हणजे दोन मुठी सोडा. बाटल्या आत सोडताना त्याच पाण्यानं भरून घ्यायच्या. त्याचे दोन फायदे. बाटल्या तरंगत नाहीत आणि काच आतून-बाहेरून सारखीच तापते. नाहीतर गार काचेवर एकदम कढत पाणी पडलं, की टचकन तडा जातो. पाणी आणि काच यांच्यात चाळीसेक अंशांहून जास्त फरक नको. तासाभरात बरीचशी लेबलं आपोआप सुटतात. जाड चकाकत्या चंदेरी कागदाचं लेबल असेल, तर पाणी आत शिरत नाही. त्यावर आधी नखानं किंवा जुन्या सुरीच्या पाठीनं दोन-चार रेघा मारायच्या आणि बाटल्या रात्रभर तशाच ठेवायच्या. सकाळी लेबल अख्खं निघून पाण्यावर तरंगताना दिसतं. मला तर हे बघायला फार आवडतं! मग नारळाच्या काथ्यानं एक हात फिरवला की झालं.

बादली प्लॅस्टिकची किंवा पातेलं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं सोड्यानं काळं पडतं आणि झिजतंही. हातात रबरी मोजे हवेत. सोड्यानं कातडी कोरडी पडून भेगाळते. माझ्या सासूबाईंच्या पिढीत हेच काम चुलीच्या राखेनं व्हायचं. लाकडाच्या राखेतही क्षारच असतो, त्यामुळे गावाकडे अजून चूल असेल, तर राख फडक्यात बांधून गरम पाण्यात टाका, तीही चालते. थोडा वेळ जास्त लागतो इतकंच.

वाइनच्या आणि हल्लीच्या पुष्कळ बाटल्यांवर मात्र स्टिकर असतो. त्याचा गोंद पाण्याला दाद देत नाही, सोड्यालाही नाही. तिथं उलटं करायचं. बाटली बाहेरून कोरडी ठेवून आत गरम पाणी भरायचं, दहा मिनिटं थांबायचं. गोंद मऊ पडला, की एक कोपरा उचलून हळूहळू ओढायचा. घाई केली तर कागद फाटतो आणि चिकटा मागं राहतो. तो राहिलाच, तर गोडं तेल आणि खायचा सोडा समप्रमाणात कालवून लावायचा, अर्ध्या तासानं काथ्यानं चोळायचं, नंतर साबणानं धुवायचं. काही जणी रॉकेल लावायला सांगतात. खाण्याच्या बाटलीला रॉकेल नको. वास काही केल्या जात नाही.

धुऊन झालं, की बाटली उजेडाकडे धरून आतून बघा. तोंडाचा टवका उडालेली, आत न निघणारा डाग असलेली, फिनेलचा किंवा औषधाचा वास येणारी बाटली सरळ बाजूला काढा. चांगल्या बाटल्या तळाशी फडकं घातलेल्या पातेल्यात गार पाण्यात ठेवून ते पाणी उकळायचं, दहा मिनिटं उकळू द्यायचं आणि पालथ्या घालून पूर्ण वाळवायच्या. पाण्याचा थेंबही आत राहिला, तर काकवीचा तो थर पातळ होऊन आंबायला लागतो. आंबलेल्या काकवीनं बूच उडतं, क्वचित बाटलीही फुटते. पत्र्याचं टोपण एकदा उघडलं की पुन्हा नीट बसत नाही, त्यासाठी नवी टोपणं आणि ती बसवायचं हातमशीन घ्यावं लागतं. आमच्या गटानं घेतलं आहे.

आपल्या भागाला काचेचं वेड तसं जुनंच. कराडजवळच्या ओगलेवाडीला 1916 च्या सुमारास ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभा केला, तेव्हा तो भाग औंध संस्थानात होता. प्रभाकर कंदील तिथलाच. वीज नव्हती तेव्हा घराघरांत त्याची काच संध्याकाळी राखेनं पुसणं हे मुलींचंच काम असायचं. काच कशी हाताळायची, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो, की तिकडे लोक हौसेनं घरी बिअर करतात आणि तीही अशाच जुन्या बाटल्यांत भरतात. रविवारी सकाळी नवरा-बायको टबात बाटल्या भिजत घालून बसतात म्हणे! तिथं 1978 च्या कायद्यानं याला मोकळीक मिळाली. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी दारू गाळणं किंवा बिअर करणं हा गुन्हा. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. दारूमुळं घर कसं बसतं, ते बघत बघतच मी या कामात आले.

आपल्याकडे बाटली म्हटलं की आठवते ती मतपत्रिकेवरची. 2008 च्या सरकारी आदेशानुसार गावातलं दारूचं दुकान मतदानानं बंद करता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. नुसतं झालेल्या मतदानातलं बहुमत पुरत नाही, निम्म्याहून अधिक मतदारांचा कौल ‘आडवी’ला लागतो. म्हणून मतदानाच्या दिवशी कामाचा खाडा करून, लेकरं काखेला मारून बायका रांगेत उभ्या राहतात. पण दुकान आडवं झालं, तरी शेजारच्या गावातून बाटल्या येतच राहतात. बांधावर, ओढ्यात, शाळेच्या मागं. त्या गोळा कुणी करायच्या? गोळा करून तशाच भंगारात दिल्या, तर त्यातल्या धड लेबलाच्या बाटल्या कुठं जातील सांगता येत नाही. बनावट दारूवर छापे पडतात, तेव्हा नावाजलेल्या कंपन्यांच्या जुन्या बाटल्या, लेबलं आणि टोपणं सापडतात. म्हणून आमच्या गटाचा नियम आहे, बाटली वापरायची असो की द्यायची, लेबल आधी उतरवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेबल काढलं, की बाटली अनामिक होते. बिननावाची तपकिरी बाटली. आणि आपला भाग द्राक्षांचा. तासगाव, मिरज, खानापूरकडे कुणाच्याही घरी जा, फवारणीचं उरलंसुरलं औषध कुठल्यातरी बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवलेलं असतं. तपकिरी काचेतून काकवी आणि औषध सारखंच दिसतं. अंधारात सरबत, दारू किंवा खोकल्याचं औषध समजून विष पोटात जातं आणि मग सिव्हिल हॉस्पिटलची धावपळ. शेतीचं औषध त्याच्या मूळ डब्यातच राहू द्या. खाण्याच्या बाटलीत ते कधीच ओतू नका, एका दिवसासाठीसुद्धा. आणि धुतलेली बाटली भरली, की टोपण लावायच्या आधी तिच्यावर नाव चिकटवा.

नावाबरोबर भरल्याची तारीख आणि वजन लिहा. 650 मिलीच्या बाटलीत काकवी किंवा मध नऊशे ग्रॅमच्या आसपास बसतो, म्हणून ‘एक बाटली’ या भावानं देऊ नका, काट्यावर तोलून द्या. विकायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, तो क्रमांकही लेबलावर हवा. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. मधासारखा मधही आता नाव-गाव लावलेल्या बाटलीतून मिळतो, मग आपली काकवी का मागं राहावी?

आमच्या गटाचं लेबल साध्या पांढऱ्या कागदाचं आहे. मावशींची नात झेरॉक्सच्या दुकानात छापून आणते. चिकटवायला आम्ही गोंद घेत नाही. कणकेची खळ करतो, त्यात चिमूटभर मोरचूद टाकावं असं कुणी सुचवलं तर साफ नको म्हणते, कारण ते विषारी. खळ ताजी करायची आणि त्याच दिवशी संपवायची. रिकामी बाटली परत आणणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढच्या बाटलीत पाच रुपये कमी. ती आली, की साध्या पाण्यात बुडवायची, पाच मिनिटांत कागद सुटतो. सोडाही लागत नाही.