कॅफीन आणि रोमकूप : एका विधानाचा अर्थविचार

केसांना लावावयाच्या द्रवांवर व शाम्पूंवर ‘कॅफीनयुक्त’ हे विशेषण अलीकडे वारंवार आढळते आणि त्याने केस गळणे थांबते, अशी समजूत त्यामुळे दृढ होत चालली आहे. या समजुतीत तथ्य किती, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. भाषेच्या अभ्यासकाने रसायनाच्या प्रांतात शिरण्याचे कारण इतकेच की, या विषयातील गोंधळ पदार्थापेक्षा शब्दांतून अधिक उद्भवला आहे.

‘केस गळणे’ हा एकच वाक्प्रयोग आपण निरनिराळ्या अवस्थांसाठी करतो. मनुष्याच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि त्यांपैकी ५० ते १०० रोज गळतात. हा रोग नव्हे. कडक ज्वरानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने येतात. पण कारण दूर झाले की ते बहुधा पुन्हा उगवतात. डोक्यावर वाटोळा चट्टा पडून तेथील केस नाहीसे होतात, त्यास मराठीत ‘चाई’ असा स्वतंत्र शब्द आहे. तेथे शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांवर उलटलेली असते. याहून निराळे ते पुरुषांचे टक्कल. ते आनुवंशिक असून कपाळाच्या बाजूंनी व माथ्यावर क्रमाक्रमाने पडत जाते. आपल्या प्राचीन वैद्यकानेही ‘इंद्रलुप्त’ व ‘खालित्य’ असा भेद मानलेला आहे. कॅफीनविषयीचे संशोधन प्रामुख्याने या शेवटच्या प्रकारापुरते आहे, हे प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे.

दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असतो तो त्वचेतील खळगा, ज्यास संस्कृतात ‘रोमकूप’ असे अन्वर्थक नाव आहे. या कूपाच्या तळाशी पेशींचे विभाजन होऊन केस महिन्यास सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा असतो; मग अल्प संक्रमणकाळ व सुमारे तीन महिन्यांची विश्रांती होऊन केस गळतो आणि नवे चक्र सुरू होते. आनुवंशिक टकलात टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या द्रव्यामुळे वाढीचा काळ आखूड होत जातो, कूप आक्रसतो आणि केस लवीसारखा बारीक होतो.

कॅफीन हे द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे याने १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून वेगळे केले. पेशींत संदेश वाहणाऱ्या चक्रीय एएमपी या द्रव्याचा नाश करणाऱ्या विकरास ते अडवते. त्यामुळे पेशींची हालचाल वाढावी, अशी उपपत्ती आहे. २००७ मध्ये येना विद्यापीठातील संशोधकांनी टक्कल पडू लागलेल्या १४ पुरुषांचे रोमकूप काढून ते पात्रात जोपासले. टेस्टोस्टेरॉनने त्यांची वाढ खुंटली, ०.००१ व ०.००५ टक्के कॅफीन घातल्यावर तो परिणाम बराचसा निवारला गेला. त्याच वर्षी बर्लिन येथील प्रयोगांत असे दिसून आले की, शाम्पूतील कॅफीन दोन मिनिटांच्या स्पर्शानेही रोमकूपांवाटे आत शिरते. तथापि, आत शिरणे म्हणजे केस उगवणे नव्हे; आणि पात्रातील कूप म्हणजे माणसाचे डोके नव्हे.

माणसांवरील प्रयोगांत भारतातील एक प्रयोग उल्लेखनीय आहे. मुंबईच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. रचिता धुरत प्रभृतींनी २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. २१० पुरुषांपैकी काहींना ०.२ टक्के कॅफीनचा द्रव, तर इतरांना ५ टक्के मिनॉक्सिडिल सहा महिने देण्यात आले. वाढत्या अवस्थेतील केसांच्या प्रमाणात अनुक्रमे १०.५९ व ११.६८ टक्के सुधारणा आढळली. म्हणजे दोहोंत फारसे अंतर नव्हते. निष्कर्ष आशादायक खरा. परंतु आपणांस कोणते औषध मिळत आहे हे सहभागी व्यक्तींना ठाऊक होते आणि निव्वळ औषधरहित द्रव लावणारा तिसरा गट नव्हता. शिवाय हा द्रव डोक्यावर तसाच राहू द्यावयाचा होता. धुऊन टाकावयाच्या शाम्पूस हा निष्कर्ष आपोआप लागू पडत नाही.

येथेच शब्दांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एका कॅफीनयुक्त शाम्पूच्या जाहिरातीत, तो केस गळणे कमी करण्यास साहाय्य करतो, असे विधान होते. ब्रिटनच्या जाहिरात-नियामक मंडळाने २०१८ मध्ये पुरावा तपासून ते अमान्य ठरविले. ‘साहाय्य करतो’ हे क्रियापद सौम्य भासते. पण वाचक त्यातून ‘उपयोग होतो’ हाच अर्थ घेतो आणि त्या अर्थाचा पुरावा देणे हे विधान करणाऱ्याचे कर्तव्य ठरते. विधानाचा अर्थ लिहिणाऱ्याच्या पळवाटेवर नव्हे, तर वाचणाऱ्याच्या आकलनावर ठरतो, हे अर्थविचाराचे तत्त्वच या निर्णयात मान्य झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

मग कॉफी पिऊन हा लाभ होईल काय? एका पेल्यात सुमारे १०० मिलिग्रॅम कॅफीन धरले, तर ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातील सुमारे ३६ लिटर पाण्यात ते पसरून लिटरला ३ मिलिग्रॅमहून कमीच भरते. येना येथील प्रयोगातील लहानातली लहान मात्रा लिटरला १० मिलिग्रॅम होती आणि ती कूपांभोवती दिवसानुदिवस टिकून होती. पोटात गेलेले कॅफीन मात्र साधारणतः पाच तासांत निम्मे होते. तेव्हा पेयाकडून ही अपेक्षा व्यर्थ होय.

सारांश, आनुवंशिक टकलावर डोक्यास लावून ठेवलेल्या कॅफीनचा काही उपयोग होण्याचा संभव आहे. तो निर्विवाद सिद्ध झालेला नाही. चाई, ज्वरोत्तर केसगळती, रक्तातील लोहाची उणीव किंवा थायरॉइडचा विकार यांवर ते औषध नव्हे. असा रोगी बाटलीवरील शब्दांच्या भरवशावर राहिला, तर पैशापेक्षाही मोठी हानी होते ती वेळेची. कारण मूळ विकार मधल्या काळात तसाच राहतो. म्हणून उपाय विकत घेण्यापूर्वी आपले ‘केस गळणे’ नेमके कोणते, हे वैद्याकडून ठरवून घेणे इष्ट.