ट्रॅकची उंची आणि आवाजाची पातळी

ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकची खालची कड ओढून उंची वाढवली की आवाजही वाढतो, हा समज मुळातच चुकीचा आहे. कारण पडद्यावरील तरंगाकृती हे ध्वनीच्या आकड्यांचे केवळ चित्र असते आणि ट्रॅकची उंची किंवा झूम बदलल्याने त्यांतला एकही आकडा हलत नाही.

याहून फसवा गैरसमज आडव्या झूमविषयी आहे. उदाहरणार्थ, अकोल्याच्या जुन्या शहरातील राजराजेश्वर मंदिरात श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी घेऊन कावडी येतात. त्या मिरवणुकीचे तासाभराचे ध्वनिमुद्रण ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण रुंदीला बसवले, तर सलग भरलेला पट्टा दिसतो आणि आवाज फाटला असावा असे वाटते. प्रत्यक्षात ट्रॅक १,२०० पिक्सेल रुंद असल्यास एका उभ्या रेषेत ३ सेकंद, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (ध्वनिलहरीची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापे) या हिशेबाने १,३२,३०० नमुने दाटलेले असतात; रेषा त्यांतील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मूल्यांपर्यंत ओढली जात असल्याने तेवढ्या अवधीत ढोलावर एकच ठोका जोरात पडला, तरी ती भरून जाते. आवाज खरोखर फाटला आहे का, हे तरंगांचे माथे कमाल मर्यादेला सपाट झाले आहेत का यावरून ठरते आणि ते झूम वाढवूनच पाहावे. मात्र उभा झूम वाढवल्यावर माथे चौकटीबाहेर जाऊन कापल्यासारखे दिसतात, तो निव्वळ दृष्टिभ्रम होय.

सपाट रेषा म्हणजे शांतता, हेही खरे नाही. कमाल पातळीपेक्षा ४० डेसिबल खालचा आवाज रेषीय मापपट्टीवर जेमतेम १ टक्का उंची व्यापतो, त्यामुळे कावड लांब असतानाची गर्दीची कुजबुज १५० पिक्सेल उंच ट्रॅकवर दिसतच नाही आणि निष्कारण कापली जाते. डेसिबल मापपट्टी निवडल्यास ती दिसू लागते.

झूममुळे लय संथ होत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही शंकेला थोडी जागा आहे. क्लिपची बाजूची कड ओढणे म्हणजे झूम नव्हे: ऑडॅसिटी ३.१ (२०२१) पासून तसे केल्यास क्लिप छाटली जाते, छाटलेला भाग कड परत ओढून मिळतो, पण निर्यात केलेल्या फाइलमध्ये येत नाही, आणि ३.४ (२०२३) पासून ऑल्ट कळ दाबून कड ओढल्यास स्वराची पट्टी तशीच राहून ध्वनीचा अवधी खरोखरच बदलतो.