हत्तीरोगाच्या कृमीकडून आतड्यासाठी औषध?

सोलापूर हा राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. हत्तीपाय म्हणजे काय, हे करमाळ्याच्या वाचकाला सांगायची गरज नाही. नवल वेगळंच आहे. डासाने अंगात सोडलेली हत्तीरोगाची कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षं जगते, तरी शरीराची प्रतिकारशक्ती तिला संपवत नाही.

याचं एक कारण म्हणजे कृमी सतत पाझरत असलेली प्रथिनं. त्यांतलं एक सिस्टॅटिन. आपल्या रक्षक पेशी शत्रूची प्रथिनं विकरांनी कापतात आणि ते तुकडे इतर पेशींना दाखवून हल्ल्याची वर्दी देतात. सिस्टॅटिन ही विकरंच अडवतं. शिवाय दाह शमवणाऱ्या इंटरल्युकिन-१० या संदेशक प्रथिनाचं प्रमाणही वाढवतं.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नेमका हाच दाह आवरत नाही. प्रतिकारशक्ती स्वतःच्या मोठ्या आतड्यावर उलटते. पोटात कळा येतात, रक्त पडतं, जुलाब थांबत नाहीत. मग कृमीचं हे प्रथिन इथे वापरलं तर?

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. एम. व्ही. आर. रेड्डी यांच्या गटाने हेच करून पाहिलं. विदर्भात हत्तीरोग जुनाच. तिथल्याच प्रयोगशाळेने त्याच्या कृमीकडे औषधाच्या नजरेने पाहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांनी निवडलं ब्रुगिया मलायी या कृमीचं सिस्टॅटिन. महाराष्ट्रात आढळणाऱ्या वुचेरेरियाची ही जवळची नातलग. रसायन पाजून उंदरांच्या आतड्याला सूज आणली आणि मग त्यांना हे प्रथिन दिलं. सूज आणि आतड्याची हानी दोन्ही कमी झाली. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याआधी अमेरिकेत जोएल वाइनस्टॉक यांनी रुग्णांना डुकरातल्या चाबूककृमीची जिवंत अंडीच प्यायला दिली होती. २००५ च्या चाचणीत कोलायटिसच्या ५४ रुग्णांपैकी अंडी घेतलेल्यांत सुमारे ४३ टक्के सुधारले, तर औषधासारखं दिसणारं निष्क्रिय द्रव्य घेतलेल्यांत १७ टक्के. पुढे आतड्याच्याच क्रोन्स या दाहाच्या आजारावरच्या मोठ्या चाचणीत मात्र २०१३ मध्ये अंडी निष्प्रभ ठरली. म्हणूनच जिवंत कृमीपेक्षा तिचं शुद्ध प्रथिन मला अधिक भरवशाचं वाटतं: मात्रा मोजता येते, संसर्गाची भीती नाही.

अडचणी आहेतच. उंदराची सूज काही दिवसांची, माणसाची आयुष्यभराची. परकं प्रथिन वारंवार टोचलं तर शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं बनवू शकतं. आणि यातलं काहीही वाचून शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी मुलांना चुकवू नका. पोटातले काही जंत रक्त शोषतात, वाढ खुंटवतात. हत्तीरोगाच्या गोळ्या जिथे वाटल्या जातात, तिथे त्याही आशाताईंसमोरच गिळा.