दिवा पेटला म्हणजे सेन्सर गेला?

कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची सहावी पिढी २००५ ते २०१३ या मॉडेल वर्षांत अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात तयार झाली. तिच्या चारही चाकांत हवेचा दाब मोजणारे सेन्सर होते आणि अशा सेन्सरची बॅटरी साधारण सात ते दहा वर्षं टिकते. त्यामुळे आज जुनी कॉर्व्हेट घेणाऱ्याला हे सेन्सर कधी ना कधी बदलावेच लागतात. काम फार अवघड नाही. पण त्याविषयी गैरसमज इतके आहेत की लोक नको तिथे पैसे घालवतात आणि गरज असते तिथे हात आखडता घेतात.

सगळ्यात मोठा गैरसमज डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याबद्दल आहे. नालासारख्या आकारात उद्गारचिन्ह दिसलं की ‘सेन्सर गेला’ असं ठरवून टाकलं जातं. वास्तविक हा दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. तो लागून स्थिर राहिला तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेत बिघाड आहे. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या मोटारींना हा नियम लागू आहे. कॉर्व्हेटच्या पडद्यावर तर प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा दिसतो. ज्या चाकापुढे आकड्याऐवजी नुसत्या रेघा येतात, त्याच्या सेन्सरचा संदेश गाडीपर्यंत पोचत नाही, हे पाना हातात न घेता कळतं.

थंडीत तर हा घोळ हमखास होतो. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. २५ अंशांच्या गॅरेजमध्ये तीसची हवा भरलेली गाडी तीन अंशांच्या पहाटे बाहेर उभी असेल, तर गेज २६ दाखवेल. धडधाकट टायरमधूनही महिन्याला पीएसआयभर हवा झिरपते. हिवाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीचा दिवा मग लागणारच, आणि त्यात सेन्सरचा काही दोष नसतो. नायट्रोजन भरला की हा त्रास संपतो, असं आपल्याकडच्या पेट्रोल पंपांवरही ऐकायला मिळतं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाबरोबर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच बदलतो.

‘आतला सेल बदलला की झालं’ हा सल्ला स्वस्त वाटतो म्हणून पटकन पटतो. सेन्सर म्हणजे नाण्याएवढा लिथियम सेल, दाब आणि तापमान मोजणारी चिप आणि एक छोटा रेडिओ. ओल आणि धक्के लागू नयेत म्हणून हे सगळं घट्ट राळेत बुडवून बंद केलेलं असतं. राळ कोरून सेल बदलणारे हौशी लोक आहेत. पण ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने फिरणाऱ्या चाकात त्या सुट्या तुकड्यावर केंद्रोत्सारी ताण किती येतो, याचा विचार केला तर हातचा जोड टिकेल असं धरून चालता येत नाही. इथे नवा सेन्सर घेण्यातच शहाणपण आहे.

मग एकच बदलायचा की चारही? एक बंद पडला की एकच बदलावा, असं बहुतेकांना वाटतं. पण चारही सेन्सर एकाच दिवशी कारखान्यात बसलेले असतात आणि सारखेच किलोमीटर चाललेले असतात, म्हणून पहिल्यापाठोपाठ बाकीचेही दमतात. शिवाय खरा खर्च नुसत्या सेन्सरचा नसतो. कॉर्व्हेटच्या झेड झिरो सिक्स मॉडेलला मागे ३२५ मिलिमीटर रुंदीचे, अगदी बुटक्या कडेचे टायर आहेत. असा टायर रिमवरून उतरवायला चांगलं मशीन आणि सवयीचा हात लागतो, नाहीतर रिमवर ओरखडा ठरलेला. ही मजुरी चार वेळा देण्यापेक्षा एकदाच दिलेली बरी. त्यातही टायर बदलायला आलेले असतील आणि सेन्सर सात-आठ वर्षांचे असतील, तर त्याच बैठकीत नवे सेन्सर बसवावेत.

टायर उतरवतानाची एक बारीक गोष्ट मालकाने स्वतः उभं राहून पाहावी. सेन्सर रिमच्या आत व्हॉल्व्हच्या बुडाशीच असतो. टायरची कड रिमपासून सोडवणारा मशीनचा फावडा व्हॉल्व्हच्या जवळ पडला, तर चालू सेन्सरही तिथेच फुटतो. म्हणून फावडा व्हॉल्व्हपासून लांब लावायचा असतो. नवा सेन्सर बसवताना रबरी वॉशर आणि नट नवेच घ्यावेत, आणि नट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने सांगितलेल्या मापापर्यंतच आवळावा.

व्हॉल्व्हच्या पिनेचंही तसंच. सेन्सरच्या धातूच्या व्हॉल्व्हची नळी अॅल्युमिनियमची असते. तिच्यात साधी पितळी पिन घातली की ओल आणि रस्त्यावरच्या मिठामुळे दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया सुरू होते. वर्ष-दोन वर्षांत पिन जागीच गंजून बसते, आणि ती काढायला गेलं की कधी अख्खी नळीच मोडून हातात येते. निकेलचा मुलामा दिलेली पिन आणि प्लॅस्टिकचं टोपण, एवढी दक्षता पुरते. चमकदार धातूची टोपणं छान दिसतात, पण या नळीवर ती कायमची चिकटू शकतात.

‘कुठलाही सेन्सर चालतो’ असं सांगणारे विक्रेते भेटतात, पण तसं नसतं. अमेरिकेतले सेन्सर बहुतांशी ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, युरोपातले ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. फ्रिक्वेन्सी चुकली तर सेन्सर कितीही नवा असला तरी गाडीला त्याचा आवाजच ऐकू जात नाही. फ्रिक्वेन्सी जुळली तरी संदेशाची भाषा कंपनीगणिक, कधी वर्षागणिक बदलते. त्यामुळे दुसऱ्या देशातून स्वस्त सेन्सर मागवताना आधी गाडीच्या वर्षासाठीचा पार्ट नंबर तपासावा.

आणि बसवल्यावर गाडी आपोआप ओळखेल, हे बऱ्याच गाड्यांत होत नाही. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि तो कोणत्या चाकात आहे, हे गाडीला शिकवावं लागतं. कॉर्व्हेटमध्ये ही शिकवणी ऐकण्यासारखी आहे. आधी गाडी शिकण्याच्या स्थितीत घ्यायची. मग ठरलेल्या क्रमाने जायचं: डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं आणि शेवटी डावं मागचं चाक. प्रत्येक चाकाशी छोटं उपकरण धरून सेन्सरला जागं करायचं. सेन्सरची ओळख पटली की हॉर्न एकदा वाजतो आणि तुम्ही पुढच्या चाकाकडे वळता. त्याआधीच्या, १९९७ पासूनच्या पाचव्या पिढीत याच कामासाठी व्हॉल्व्हवर लोहचुंबक ठेवत.

एवढी यातायात नको म्हणून काही जण दिवाच निकामी करून टाकतात, तेव्हा मात्र चिंता वाटते. ही यंत्रणा कायद्यात आली त्यामागे माणसांचे जीव आहेत. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर हे टायर फाटून झालेल्या अपघातांत अडीचशेहून अधिक लोक गेले होते. त्याच वर्षी झालेल्या कायद्यातून हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. ब्रिटनमध्ये २०१२ नंतरच्या मोटारीचा हा दिवा बिघाड दाखवत असेल, तर ती वार्षिक तपासणीत नापास होते. कॉर्व्हेटला तर या यंत्रणेची गरज आणखीच जास्त आहे. पाचव्या पिढीपासून तिच्यात स्टेपनी नाही, आणि तिच्या रन-फ्लॅट टायरच्या कडा इतक्या ताठ असतात की हवा पार गेली तरी टायर बसलेला दिसत नाही. चालकाला ते सेन्सरच सांगतो. भारतातही ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, अशी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीतून सूट आहे.

पण याच्या उलट टोकाला जाऊन ‘सेन्सर आहे, आता गेज कशाला’ म्हणणंही धोक्याचं. अमेरिकी नियमानुसार दाब ठरलेल्या मापापेक्षा २५ टक्के उतरला की इशारा यायला हवा. तीसची हवा लागणाऱ्या टायरसाठी ही मर्यादा साडेबावीस होते. पंचवीसवर दिवा गप्पच राहू शकतो, आणि वेगवान गाडीचं वळण तोवर बिघडलेलं असतं.

टायरच्या वयाबद्दल सेन्सर काहीच सांगत नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला. अपघाताचं मुख्य कारण वेग होता, पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे असल्याचंही तपासात नोंदवलं गेलं. टायरच्या कडेवर लांबलचक कोडच्या शेवटी चार आकडे असतात. १४२१ म्हणजे २०२१ सालचा चौदावा आठवडा. सेन्सर मागवण्याआधी हे आकडे चारही टायरवर वाचून घ्यावेत. टायरच जुने निघाले, तर दोन्ही कामं एकाच मजुरीत होतात.