कीटोन ओळखताना होणारे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या सेंद्रिय संयुगात कार्बन आणि ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेले असतात (या जोडीला कार्बोनिल गट म्हणतात) आणि त्या कार्बनच्या दोन्ही बाजूंस पुन्हा कार्बनच असतात, त्यास कीटोन म्हणतात. एका बाजूस हायड्रोजन आला की संयुग अल्डिहाइडच्या वर्गात जाते. फरक एवढाच असल्याने भुसावळ असो वा जळगाव, बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात अज्ञात पदार्थ ओळखताना एकाच चाचणीवर निकाल देण्याचा मोह घातक ठरतो.

प्रयोगशाळेत ज्यास थोडक्यात ‘डीएनपी’ म्हणतात, त्या 2,4-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझीनच्या द्रावणाने पिवळा किंवा नारिंगी अवक्षेप दिला म्हणजे कीटोन सिद्ध झाला, असे मानले जाते. वस्तुतः हा अवक्षेप अल्डिहाइडही देतात, आणि अवक्षेपाच्या रंगावरून दोहोंत भेद करता येत नाही, कारण कार्बोनिल गटाला लागून दुहेरी बंध किंवा बेंझीन वलय असल्यास रंग लालसर होत जातो, मग ते संयुग कीटोन असो वा अल्डिहाइड.

याच्या उलट समजूत अशी, की जेथे कार्बोनिल गट दिसतो तेथे डीएनपी लागू पडलाच पाहिजे. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीचे उदाहरण येथे बोलके आहे: पिकलेल्या केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा असून त्यात कार्बोनिल गट असतानाही ते डीएनपीस प्रतिसाद देत नाही, तर त्याच वासात अल्प प्रमाणात असणारे 2-पेंटॅनोन हे खरे कीटोन मात्र प्रतिसाद देते. हेच 2-पेंटॅनोन आयोडोफॉर्म चाचणीतही पिवळा अवक्षेप देते. त्याचा समघटक असलेले 3-पेंटॅनोन देत नाही, कारण ही चाचणी कीटोनची नसून कार्बोनिलला लागून असलेल्या मिथाइल गटाची आहे. इथेनॉल कीटोन नसूनही ती देते, हे तर अनेकदा विसरले जाते.

सर्वांत चिवट गैरसमज टॉलेन्स आणि फेहलिंग या चाचण्यांबद्दलचा होय. चांदीचा आरसा किंवा विटकरी अवक्षेप दिसला की कीटोन नाहीच, हा नियम साध्या कीटोनपुरता ठीक आहे; परंतु केळे पिकताना स्टार्चपासून ज्या शर्करा तयार होतात, त्यांतील फ्रुक्टोज हे कीटोन असूनही दोन्ही चाचण्या देते. त्यात कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो, आणि ही दोन्ही अभिकर्मके अल्कधर्मी असल्यामुळे त्या माध्यमात फ्रुक्टोजचे ईनडायॉल या मध्यस्थ रूपातून अंशतः ग्लुकोज व मॅनोज या अल्डिहाइड शर्करांत रूपांतर होते, शिवाय ईनडायॉल स्वतःही सहज ऑक्सिडीभूत होते. म्हणून अशा वेळी अल्कधर्मी नसलेले ब्रोमीन जल वापरावे: ग्लुकोज त्याचा रंग घालवते, फ्रुक्टोज घालवत नाही. केळ्याच्या रसात मात्र दोन्ही शर्करा असल्याने रंग जाईलच, आणि तेवढ्यावरून फ्रुक्टोज नाही असे म्हणता येणार नाही. रिसॉर्सिनॉल व हायड्रोक्लोरिक आम्लाची सेलिवानॉफ चाचणी तेथे लवकर लाल रंग देते, पण आम्लात साखरेचे म्हणजे सुक्रोजचेही विघटन होऊन फ्रुक्टोज सुटत असल्याने, रसातील सुक्रोजही तोच रंग देते.