वॉर्सा व्हाया कोल्हापूर

कोल्हापूरच्या मुलांना गांधीनगर सांगायला नको. कपड्यांचं होलसेल मार्केट, सिंधी दुकानदार आणि लग्नाच्या सीझनमध्ये तुफान गर्दी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे आले, आपल्या उल्हासनगरसारखेच. पण ज्या बराकींमध्ये ते राहिले, तिथे आधी चक्क पोलिश लोक राहायचे! हा वळिवडे कॅम्प, १९४३ ते १९४८. वस्ती सुमारे ५,०००, बहुतेक बायका आणि मुलं. स्वतःच्या शाळा, चर्च, हॉस्पिटल, सगळं होतं.

पोलंड कुठे, वळिवडे कुठे? १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि १७ तारखेला पूर्वेकडून रशियन सैन्य घुसलं. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं रशियाने सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. पुरुष सैन्यात गेले आणि काही कुटुंबं इराणमार्गे भारतात पोहोचली.

ती वळिवड्यात असतानाच तिकडे त्यांची राजधानी संपत होती. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सामध्ये जर्मनांविरुद्ध उठाव झाला. ६३ दिवस चालला आणि फसला. दीड लाखाहून जास्त नागरिक मेले. उरलेल्यांना शहराबाहेर काढून जर्मनांनी एकेक रस्ता पेटवला, इमारती सुरुंग लावून उडवल्या. लढाईत पडझड होणं वेगळं, हे ठरवून केलेलं काम होतं. १९४५ च्या जानेवारीत रशियन सैन्य आत आलं, तेव्हा ऐतिहासिक वॉर्साचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग नष्ट झाला होता.

आता इंजिनिअरिंगवाल्यांनी नीट वाचा. युद्धापूर्वी वॉर्सा पॉलिटेक्निकमधले आर्किटेक्चरचे विद्यार्थी टेप घेऊन जुन्या इमारती मोजायचे आणि शीट काढायचे. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, म्हणजे आपण करतो तेच (आपण जीटी मारतो, हे सोडा!). उठाव फसल्यावर तिथल्या प्राध्यापकांनी ती ड्रॉइंग्ज शहराबाहेर काढली आणि पिओत्रकूव गावातल्या मठात लपवली. शहर जळलं, शीट वाचल्या. तिथले विद्यार्थी शीट काढताना आपल्यासारखेच कंटाळले असतील, असं मला उगाच वाटतं.

फेब्रुवारी १९४५ मध्ये राजधानी पुन्हा बांधण्यासाठी खास ऑफिस उघडलं. जुन्या शहराच्या कामाची सूत्रं यान झाखवातोविच या प्राध्यापकांकडे होती. ड्रॉइंग्जच्या जोडीला बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराची वॉर्साची चित्रंही वापरली. मटेरियलचं काय? डेब्रिसमधल्या धड विटा वेचल्या आणि बाकीचा चुरा काँक्रीटमध्ये घातला. जुन्या शहराचा चौक २२ जुलै १९५३ ला खुला झाला. राजवाड्याचं काम मात्र १९७१ पर्यंत सुरूच झालं नाही. १९८० मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवलं.

काही जण याला डुप्लिकेट म्हणतात. दर्शनी भिंती जुन्या पद्धतीच्या, आत नवे फ्लॅट आणि मागची दाटीवाटीची बांधकामं मुद्दामच परत उभारली नाहीत. पण ज्यांचं घर कुणी ठरवून उडवलं, त्यांनी तसंच परत बांधलं तर त्याला डुप्लिकेट म्हणणं मला पटत नाही.

वळिवड्यातल्या लोकांना मात्र हेही मिळालं नाही. त्यांच्यातले बहुतेक पूर्व पोलंडचे आणि युद्धानंतर तो भाग रशियाकडे गेला. गाव जागेवर, देश दुसरा! कॅम्प बंद झाल्यावर बरेच जण पोलंडऐवजी इंग्लंड आणि इतर देशांत गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये वॉर्सामध्ये वळिवडे कॅम्पचं स्मारक उभं राहिलं. कोल्हापूरचं नाव आहे त्यावर.