ट्रान्झिस्टरचा प्रीअँप, ट्यूबचा पॉवर अँप: ही जोडी जमते का?

ट्यूबच्या पॉवर अँपपुढे प्रीअँपही ट्यूबचाच हवा, ट्रान्झिस्टरचा लावला की आवाजातला गोडवा गेलाच, असं अनेक हौशी मंडळी ठामपणे सांगतात. हे चूक आहे. या समजुतीपायी लोक चांगला चालणारा प्रीअँप विकून टाकतात, याचं फार वाईट वाटतं.

विजेच्या हिशेबात ही सर्वांत सोपी जोडी आहे. पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) प्रीअँपच्या आउटपुट इंपीडन्सच्या किमान दहापट असावा, इंपीडन्सपुरतं एवढंच पाहायचं असतं. ट्रान्झिस्टर प्रीअँपचा आउटपुट इंपीडन्स साधारणपणे ५० ते ६०० ओहम असतो. ट्यूब पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स बहुधा एक लाख ओहमच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. १९५९ साली आलेल्या डायनाको एसटी-७० चा तर ४ लाख ७० हजार आहे. अडचण होते ती उलट्या जोडीत. ट्यूब प्रीअँपच्या आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि पुढे १० हजार ओहमचा ट्रान्झिस्टर पॉवर अँप असेल, तर ३४ हर्ट्झच्या आसपासच खर्ज घसरू लागतो. तोच प्रीअँप एक लाख ओहमच्या अँपला जोडला, तर ही सीमा ३.४ हर्ट्झवर, म्हणजे ऐकू येण्याच्या पलीकडे जाते.

मग गोडव्याचं काय? ट्यूब अँपचा स्वभाव मुख्यतः त्याच्या आउटपुट ट्यूबमध्ये आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. ट्यूबला हजारो ओहमचा भार लागतो, स्पीकर असतो चार-आठ ओहमचा. म्हणून मध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर लागतो. अशा अँपचा आउटपुट इंपीडन्स ट्रान्झिस्टर अँपपेक्षा जास्त असतो, आणि स्पीकरचा इंपीडन्स प्रत्येक स्वराला वेगळा. त्यामुळे काही स्वर किंचित उठतात, काही बसतात. हा अँप आणि स्पीकर यांच्यातला व्यवहार आहे, आधी कोणता प्रीअँप आहे याने तो बदलत नाही. गोडव्याचं कारण म्हणून सांगितलं जाणारं ‘ट्यूब म्हणजे फक्त सम हार्मोनिक’ हेही अर्धसत्यच. पुश-पुल रचनेत आउटपुट टप्प्यातले सम हार्मोनिक बऱ्याच अंशी एकमेकांना खोडून टाकतात.

खरी गफलत होते ती व्होल्टेजमध्ये, आणि तिचं उत्तम उदाहरण ब्रिटिश क्वाड कंपनीच्याच घरात आहे. क्वाड टू हा १५ वॉटचा ट्यूब पॉवर अँप १९५३ मध्ये आला. पूर्ण ताकदीने वाजायला त्याला १.४ व्होल्ट लागतात. त्याच्यासोबतच्या ट्यूब प्रीअँपना वीजही त्याच्याकडूनच मिळे. १९६७ मध्ये क्वाडने ट्रान्झिस्टरचा ३३ हा प्रीअँप काढला, तो ३०३ या ट्रान्झिस्टर पॉवर अँपसाठी. त्याचं नेमून दिलेलं आउटपुट ०.५ व्होल्ट. एकाच कंपनीचे म्हणून कोणी ३३ आणि क्वाड टू जोडले, तर त्या अर्ध्या व्होल्टवर १५ वॉटच्या अँपमधून जेमतेम दोन वॉट निघतात. आवाज दबलेला, निर्जीव वाटतो आणि दोष ट्रान्झिस्टरच्या माथी येतो. दोष जोडणीचा आहे. दोन व्होल्ट सहज देणारा ट्रान्झिस्टर प्रीअँप याच क्वाड टूला व्यवस्थित चालवतो.

उलटही घडतं. एसटी-७० ला १.३ व्होल्ट पुरतात आणि सीडी प्लेयर आधीच दोन व्होल्ट देतो. अशा वेळी दहापट गेनचा, म्हणजे सिग्नल दहापट वाढवणारा, प्रीअँप मध्ये घातला, तर व्हॉल्यूमचं बटण जरा फिरवताच घर दणाणतं आणि प्रीअँपची सूक्ष्म खरखरही ऐकू येते. इथे कमी गेनचा प्रीअँपच घ्यावा.

तेव्हा विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला प्रीअँपचा आउटपुट इंपीडन्स, गेन आणि पॉवर अँपला पूर्ण ताकदीसाठी लागणारं व्होल्टेज विचारा. काही ट्रान्झिस्टर प्रीअँप चालू-बंद करताना धक्का देतात, म्हणून आधी प्रीअँप चालू करा, मग पॉवर अँप. बंद करताना आधी पॉवर अँप. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अँपला सिग्नल कधीही देऊ नका. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि जुन्या अँपमध्ये सहसा तोच भाग सर्वांत महाग असतो.